माय गोऱ्ह्याशी बोलायची

माझी माय माझ्या आजोबांशी कधी बोलली नाही. भांडण नव्हतं हो, रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. मग घरात काही अडलं तर? ओसरीच्या खांबाला आमचा गोऱ्हा बांधलेला असायचा. माय पदर ओढून त्याला सांगायची, "गोऱ्ह्या, तेल सरलं." आजोबाही त्याच्याकडं बघूनच म्हणायचे, "सांग तिले, बजारातून आनतो." गोऱ्हा कान हलवायचा. मला वाटे, सगळ्यांच्या घरी असंच बोलतात.

मग दूर कुठं लढाई लागली म्हणे, आणि आमच्या कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव आला. आजोबा अमरावतीला गाड्या घेऊन गेले, ते बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंट्या बांधूनच परतले. ओसरीवर टेकल्या टेकल्या माझ्या बापाला म्हणाले, "औंदा विहिरीजवळच्या वावरातबी कापसाची पराटीच लावू. ज्वारी इकत घेता येते."

बाप मान खाली घालून "बरं" म्हणाला.

माय दारामागं उभी होती. आदल्याच आठवड्यात तिचा भाऊ बार्शीटाकळीहून येऊन गेला होता. तिकडं सगळ्यांनी कापूसच पेरला, आता हातात रुपये घेऊन लोक ज्वारीसाठी दारोदार फिरून राहिले, असं सांगत होता. आम्ही चार लेकरं, पाचवं मायच्या पोटात.

आता ती गोऱ्ह्याला सांगणार, म्हणून मी बघत होते. पण गोऱ्हा चरायला गेलेला, खांब रिकामा. माय ओसरीवर आली आणि सरळ आजोबांसमोर उभी राहिली.

"मामाजी, पावसाळ्यात मी चुलीवर घंट्या ठेवू काय? लेकरं काय खातीन?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. माझ्याच मायचा आवाज, पण ओळखीचा वाटेना. बाप तर घरात कुणी परकी बाई शिरल्यासारखा बघत होता. पुढं अकोल्याला सासरी मला 'लई बोलते' असं नाव पडलं, त्याचं मूळ त्या दुपारीच आहे.

आजोबा पागोटं उचलून निघून गेले. तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत, गोऱ्ह्याशीसुद्धा नाही. मायला माहेरी धाडतात की काय, या भीतीनं मी तिचा पदर सोडत नव्हते.

"कायले बोलली तू?" बाप म्हणाला.

"तुमी बोलले असते त मी काहून बोलली असती?"

चौथ्या दिवशी सकाळी आजोबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. उभ्या जन्मात तिथं आले नव्हते.

"सूनबाई, ज्वारीचं बी काढ. ते वावर ज्वारीचंच राहीन."

माय लगबगीनं ओसरीवर गेली, पदर ओढला आणि म्हणाली, "गोऱ्ह्या, बी कवाचंच काढून ठेवलं म्हनाव."

आजोबा मागून आले. "आता त्याले काहून सांगतं? मी अठीच उभा आहो."