सकिनाच्या कागदावर वीट नव्हती

पेपर संपायला पंचवीस मिनिटं उरली होती आणि सकिनाच्या कागदावर वीट नव्हती.

साठ सालच्या आसपास मी नेरच्या एका शाळेत ड्रॉइंग टीचर होते. सरकारी एलिमेंटरी परीक्षा चालू होती, पेपर ऑब्जेक्ट ड्रॉइंगचा. म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू आपल्या जागेवरून जशा दिसतात तशा काढायच्या. मी स्टुलावर माठ, वीट आणि एक वांगं ठेवलं होतं. मुली भोवती जमिनीवर बसल्या होत्या.

सकिना सायकलदुरुस्ती करणाऱ्या रहीमभाईंची मुलगी. पास झाली तर पुढे शिकवतो, नाही तर घरी बसवतो, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

हेडमास्तर राउंडला आले. तिचा कागद पाहून त्यांनी मला दाराशी बोलावलं.

"बाई, वस्तू तीन अन् हिनं काढल्या दोन. नापास होते ना पोरगी. टाक म्हणा तिले एक वीट."

परीक्षेत मला काही सांगता येत नाही, असं मी म्हटलं. मग ते स्वतःच तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि वीट कुठे आहे म्हणाले.

"सर, इथून वीट दिसूनच नाही राह्यली. कुठी काढू?"

"माठाच्या मागं तर आहे. मले दिसते ना."

"तुम्ही उभे आहा, सर."

मी त्यांना खाली बसायची विनंती केली. पांढरी पँट सांभाळत ते बसले. मान इकडेतिकडे केली. "माठच दिसते," म्हणाले. मग बराच वेळ तिचं चित्र पाहत राहिले. माठाचं तोंड तिने गोल नाही, अगदी चपटं काढलं होतं. खालून ते तसंच दिसत होतं.

"बराबर आहे हे," ते हळूच म्हणाले.

चूक माझी होती. वस्तू मी उभ्याने मांडल्या आणि उभ्यानेच तपासल्या. मुलींच्या जागांचा नकाशा काढून, सकिनाच्या जागेवरून वीट दिसत नव्हती, असं मी परीक्षकांसाठी लिहून दिलं. हेडमास्तरांनी खाली सही केली आणि तो कागद उत्तरपत्रिकांबरोबर गेला.

सकिनाला बी ग्रेड मिळाली. इंटरमीजिएट या पुढच्या ड्रॉइंग परीक्षेचा फॉर्म घ्यायला रहीमभाई स्वतः आले.

मुलांनो, चित्र चुकलं म्हणण्याआधी ते जिथे बसून काढलं तिथे बसून पाहावं. त्यानंतर प्रत्येक परीक्षेआधी मी सगळ्या जागांवर बसून पाहत असे. अठ्ठावीस मुली असल्या की अर्धा तास जायचा.