ड्रायव्हर साइडची चेन

बर्फात टायरला चेन लावताना सगळ्यात आधी बोटांची सालटी निघतात. हातमोजे घातले तर कडी हुकात बसत नाही, काढले तर गार लोखंड कातडीला चिकटतं, आणि जोर लावून ओढावं तर तीच कडी सटकन सुटून मनगटावर बसते. मेलबर्नहून वरच्या स्कीच्या गावाला दूध, पाव, भाजी पोचवायचा तो माझा चौथा हिवाळा. दर वेळी मी त्या चेनला आईबहिणीवरून शिव्या घालायचो आणि न बसणाऱ्या हुकावर पान्हा हाणायचो.

नियम साधा आहे. हिवाळ्यात या घाटात चेन गाडीत हवीच. रस्त्याकडेची ‘चेन लावा’ सांगणारी घडीची पाटी उघडली की कडेच्या मोकळ्या जागेत थांबायचं आणि ड्राइव्हच्या चाकांना, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं त्या मागच्या चाकांना, दोन्ही बाजूंनी एकेक चेन चढवायची. नाही चढवली तर दंड. मी दंडाला भ्यायचो, बर्फाला नाही.

त्या सकाळी माझ्या मागे दुसरा ट्रक घेऊन माझा मेहुणा येत होता. बायकोचा धाकटा भाऊ, मेलबर्नच्या टार्निट भागात आमच्याच घरी राहणारा. चाकणला सहा वर्षं टेम्पो चालवलेला, पण बर्फ त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होता. निघताना बायको म्हणाली, ‘‘त्याच्यावर लक्ष ठेव.’’ मी म्हटलं, ‘‘तो काय कुक्कुलं बाळ आहे?’’

पाटी उघडलेली होती. आम्ही पाठोपाठ थांबलो. वारा असा की ट्रकचं दार हातातून हिसकावलं जात होतं. मी माझ्या चेन लावल्या, दोन बोटं फोडून घेतली आणि केबिनमध्ये हीटर लावून बसलो. तो माझ्यामागे तीस पावलांवर होता. मी उतरलो नाही. फोन लावला.

‘‘चेन लावलीस का?’’

‘‘कुठली दाजी, पँटची?’’

एरवी मी हसलो असतो. बोटं ठणकत होती, उशीर झाला होता. ‘‘थोबाड फोडीन. ड्राइव्हच्या चाकांना लाव आणि चल.’’

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. ‘‘लावल्या दाजी. दोन्ही.’’

चेन तपासणारा रस्त्यावरचा माणूस माझी चाकं बघून गेला. मागच्या ट्रककडे हात करून त्याने विचारलं, ‘‘बोथ गुड?’’ मी काच खाली केली, ‘‘बोथ गुड, मेट,’’ म्हणालो आणि काच वर घेतली. त्याने हात हलवून सोडलं.

चढ कसाबसा निघाला. मेहुण्याची गाडी सारखी उजवीकडे ओढत होती, असं तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, ‘‘स्टिअरिंग घट्ट धर, रडू नकोस.’’ मग उतार आला. वळणाआधी मी ब्रेक लावला आणि आरशात बघितलं. त्यानेही लावला. त्याची उजवी चाकं जागच्या जागी रुतली, डावी घसरत राहिली. अख्खा ट्रक उजवीकडे गर्रकन फिरला, समोरची लेन ओलांडून डोंगराच्या कातळावर गेला आणि ड्रायव्हरच्या बाजूने आपटून थोडा मागे सरकला. मागचं दार फुटून दुधाचे क्रेट रस्ताभर फेकले गेले.

मी धावलो, दोनदा पडलो. डावीकडची चाकं उघडी होती. उजवीकडे एक चेन पुढच्या चाकाला, एक मागच्या. पुढची तुटून पत्र्यात घुसली होती. दार आत दबलं होतं आणि त्याचा उजवा पाय घोट्याखाली दिसतच नव्हता. पँट भिजून काळी झाली होती.

‘‘डावीकडची कुठंय?’’ मी ओरडलो.

‘‘तुम्हीच म्हणालात ना दाजी, ड्रायव्हरच्या चाकांना.’’

चाकणच्या टेम्पोवाल्याला गाडीला दोनच बाजू माहीत, ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड. मी ‘ड्राइव्हच्या’ म्हणालो होतो. वाऱ्यात त्याला ‘ड्रायव्हरच्या’ ऐकू आलं, आणि ते त्याच्या डोक्यात बरोबर बसलं. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि कळल्यावर मी फुटक्या खिडकीतून हात घालून त्याच्या कानाखाली मारली. मग दुसरी. अडकलेल्या, रक्त वाहणाऱ्या माणसाला. तो ‘सॉरी दाजी, सॉरी दाजी’ म्हणत होता आणि मी तिसरी मारणार होतो.

मागून आलेल्या, बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने माझी कॉलर धरून मला मागे फेकलं आणि छातीवर गुडघा रोवला. ‘‘व्हॉट द हेल, मेट? ही इज ब्लीडिंग.’’ माझी बरगडी कडकन वाजली. तो जड माणूस होता आणि त्याने तो गुडघा काढू नये असंच मला वाटत होतं.

पत्रा कापून त्याला बाहेर काढायला तासापेक्षा जास्त लागला. तो सगळा वेळ किंचाळत होता, शेवटी थकून नुसता कण्हत राहिला. पाऊल हॉस्पिटलमध्ये काढून टाकलं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझी चूक, मला नीट समजलं नाही. मी शेजारी उभा होतो.

महिन्याने तो घरी आला. जेवताना बायकोने मला सरळच विचारलं, ‘‘तू उतरून त्याची चाकं बघितली होतीस ना?’’ माझ्या तोंडात घास होता. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात तोच बोलला.

‘‘बघितली होती ताई. निघायच्या आधी मीच परत काढून चुकीची लावली.’’

तिने त्याला वेड्यासारखं काय केलंस म्हणून झापलं. बराच वेळ झापलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवून ती म्हणाली, ‘‘तू तरी आणखी काय करणार होतास?’’ आणि माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली.