ठिपक्याचा कप

दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या विहारात रक्तदान शिबिर असतं, आणि दरवर्षी पहिली पिशवी माझ्या रक्ताची, असा माझा तोरा होता. पांढरा सदरा घालायचा, निळ्या पताकांखालून मिरवत जायचं, पलंगावर आडवं व्हायचं आणि सुई बघून घाबरणाऱ्यांची टर उडवायची. त्यामुळं तीन वर्षांपूर्वी शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला, "जरा समक्ष येऊन जा," तेव्हा मला वाटलं, सत्कारबित्कार असेल.

तिथल्या बाईंनी आधी दार लावून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे. म्हणजे बी प्रकारची कावीळ, अंगात मुरून राहणारी. मी म्हटलं, "मला तर कधी कावीळ झालीच नाही." त्या म्हणाल्या, "बऱ्याच जणांना कळतच नाही." पुढं त्यांनी बरंच समजावलं, पण संतापानं मला काही ऐकूच आलं नाही. मी दारू पीत नाही, तंबाखू खात नाही, वाळूजच्या कंपनीत मशीन चालवतो आणि सरळ घरी येतो. मग मलाच का?

खासगी डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. बहुधा जन्मभर, म्हणाले. गोळी एक वेळ परवडली असती, पण सोनोग्राफी आणि रक्तातले विषाणू मोजायची तपासणी, तीही पुन्हा पुन्हा, हे ऐकून माझं यकृत तिथंच अर्धं झालं. मी डोकं लढवलं आणि गोळी एक दिवसाआड घ्यायला लागलो. पाकीट दुप्पट पुरतं, एवढाच हिशोब मला कळत होता; थकवा वाढला, भूक मेली, ते मी हिशोबात धरलं नाही.

दुसरी हुशारी त्याहून मोठी. बायकोच्या नेलपॉलिशनं मी माझ्या कपावर, ताटावर आणि पेल्यावर लाल ठिपका दिला. हे वेगळं ठेवायचं, कुणी हात लावायचा नाही. मला असं कुणीही सांगितलं नव्हतं. माझी लेक रोज माझ्या शेजारी बसून माझ्या ताटातला शेवटचा घास खायची. त्या रात्री मी तिचा हात बाजूला सारला. तिनं कारण विचारलं नाही, आपलं ताट उचलून लांब जाऊन बसली. मला जेवण गेलं नाही.

बायकोला सगळं माहीत होतं. आईला मात्र आम्ही पित्ताचं पथ्य म्हणून सांगितलं. आईला फसवणं सोपं असतं, असं मला या वयातही वाटत होतं.

एका सकाळी बघतो तर आई त्याच ठिपक्याच्या कपातून चहा पीत बसलेली. मी ओरडलो, "ठेव तो कप! मला आजार आहे, तुला लागेल!"

आईनं घोट घेतला, मग कप खाली ठेवला.

"माझ्या बापाला गावच्या हाटेलात आत घेत नव्हते," ती म्हणाली. आमचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं. "भाईर खिळ्याला टांगलेली कपबशी व्हती त्याची. चहा प्यायचा, आपणच धुवायची, परत टांगायची. ती तू माझ्या घरात आणून टांगतो व्हय रं?"

"आई, ते वेगळं होतं. हा आजार आहे."

"डागदर म्हणला का, ताट येगळं कर म्हणून?"

"नाही."

"इचारलं व्हतंस का?"

विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटली होती.

त्याच आठवड्यात ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. हो, तीच मला. रांगेत माझा नंबर लागला आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं डॉक्टरबाईंना विचारलं, "बाई, ह्याच्या ताटात जेवलं तर व्हतं का हे?"

"नाही हो मावशी. ताटानं नाही, कपानं नाही, जवळ घेतल्यानंही नाही. दाढीचं ब्लेड, दातांचा ब्रश, नेलकटर तेवढं ह्यांचं वेगळं ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून लस घ्या."

"आन् हा गोळी दिसाआड खातो."

बायकोनं फितुरी केली होती. डॉक्टरबाईंनी मला असं झापलं की बाहेरची रांगसुद्धा गप्प झाली. गोळी अशी खंड पाडत खाल्ली तर आजार उसळतो, म्हणाल्या. आणि मग शांतपणे सांगितलं, की ही गोळी इथं फुकट मिळते. मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं.

घरातले सगळे निरोगी निघाले. त्यांना लस टोचली. त्या रात्री मी लेकीला हाक मारून शेवटचा घास पुढं केला. ती म्हणाली, "मोठा दे." मी मोठा दिला. गोळीसाठी कंपनीत रजा टाकावी लागते, कधी तपासणीला खेटे पडतात. पण गेल्या रिपोर्टात विषाणू मोजण्याइतकेही उरले नव्हते. थकवा गेला, भूक परत आली आणि रागही पूर्वीसारखा झकास यायला लागला.

रक्त मात्र आता देता येत नाही. दोन वर्षं सबबी सांगून शिबिर टाळलं; यंदाच्या जयंतीला मात्र मी शिबिरातला चहा वाटायचं काम मागून घेतलं. पहिला नंबर का सोडला, असं लोक विचारायला लागले. मी खरं ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आणि ते ताटानं, कपानं लागत नाही हेही सांगितलं. मग कागदी कप भरून पुढं केला. समोरच्यानं माझ्याकडं पाहिलं, कपाकडं पाहिलं, "आत्ताच झाला" म्हणाला आणि मागं सरला. त्याच्यामागचेही मग झेंड्याबिंड्याकडं बघायला लागले. भरलेला कप माझ्या हातात तसाच राहिला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आई आली. पांढरं लुगडं नेसलेली, आणि हातात घरून आणलेला तो कप. नेलपॉलिश घासून घासूनही पुरतं निघालेलं नव्हतं, लाल ठिपका लांबूनही दिसत होता. तिनं कप माझ्यापुढं धरला. मी भरला. तिथंच, सगळ्यांच्या मधोमध उभी राहून तिनं तो सावकाश संपवला.

"साखर कमी हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "आणखी दे."

मी पुन्हा ओतला. मघाशी मागं सरलेला माणूस तिच्या मागं येऊन उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला.