बॉयलरवाल्याचे तीन दिवस

लॉन्ड्रीतल्या बायका त्याला ‘स्वर्गवासी’ म्हणायच्या, तेही तोंडावर. धडधाकट माणसाला असं म्हणणं म्हणजे अतीच, पण तो कधी चिडला नाही. “अजून झालो नाही, पण होणार,” म्हणायचा आणि भट्टीत कोळसा लोटायचा. इस्पितळांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत तो एकतीस वर्षं बॉयलर सांभाळत होता.

बायको होती तोवर स्वर्ग रविवारच्या चर्चपुरता असायचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मातीच्या वेळी पाळकांनी सांगितलं, ती प्रभूजवळ आहे, तिथे रडणं नाही की दुखणं नाही, एक दिवस तिची भेट होईल. बाकीच्यांनी ते सांत्वन म्हणून ऐकलं. याने पत्त्यासारखं मनात लिहून घेतलं. मग इथलं सगळं त्याला स्टेशनातल्या बाकड्यासारखं वाटू लागलं. गाडी येईपर्यंत टेकायचं, एवढंच. मोरीचा नळ गळत राहिला. दाढ ठणकली, तरी तो डॉक्टरकडे गेला नाही.

“आईला भेटायची एवढी घाई?” मुलगी वैतागायची. “आणि मी कोण? भाडेकरू?”

तो हसून विषय टाळायचा.

एका सोमवारी सकाळी भट्टीचं दार उघडून त्याने आत बॅटरी मारली आणि तो जागीच थबकला. वरच्या पत्र्याला फुगवटा आला होता, तळहाताएवढा. पत्रा तापून मऊ पडला की असं होतं, आणि मग तो कधी फाटेल याचा नेम नसतो. भट्टी विझवायची आणि वर कळवायचं, हा पहिला धडा त्याने स्वतः चार जणांना शिकवला होता.

त्याने दार लावलं आणि नेहमीसारखा कोळसा टाकला.

त्याला भीती वाटली नाही. उलट खूप दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आपण काही करत नाही आहोत, त्याने मनाशी म्हटलं. जे होईल ते देवाच्या मर्जीने. मंगळवारी फुगवटा बशीएवढा झाला. बुधवारी पत्र्यातून मधूनच टक् असा आवाज यायला लागला, कुणी बोटाने दार वाजवावं तसा. त्या दिवशी त्याने स्वच्छ दाढी केली आणि धुतलेला शर्ट घातला. वरच्या मजल्यावरच्या इस्त्रीखान्यात सव्वीस बायका काम करत होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज दिवसभर त्याच्या डोक्यावर चालू असायचा. एकतीस वर्षांत तो इतका सवयीचा झाला होता की त्याच्या कानापर्यंत पोचतच नसे.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मुलगी डबा घेऊन खाली आली. ती वरच इस्त्रीला होती. सकाळपासून तिला कणकण होती. डबा त्याच्या हातात देऊन ती बॉयलरला पाठ टेकून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.

“किती ऊब आहे हो इथे, बाबा,” ती म्हणाली. “जरा वेळ इथेच थांबते.”

आतून टक् झालं.

“बाजूला हो!” तो एवढ्या जोरात ओरडला की डबा खाली पडला. “वर जा. सगळ्यांना घेऊन अंगणात जा. आत्ताच्या आत्ता!”

ती पळाली. तो मॅनेजरच्या खोलीत शिरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मॅनेजरने मान वर केली नाही. “सीझन संपला की बघू. आणि तुम्हाला हो कसली भीती? तुमचं तर वरचं तिकीट काढलेलं आहे.”

“माझं काढलंय, साहेब,” तो म्हणाला. “त्या बायकांनी काढायला सांगितलं नव्हतं.”

तो पुन्हा खाली आला, लांब आकडी घेतली आणि निखारे बाहेर ओढू लागला. वरच्या चपला एकदम जिन्याकडे धावल्या, मग छत गप्प झालं. रोजच्या प्रार्थनेत तो मागायचा की वर स्वर्गात जसं आहे तसं इथेही होवो. त्यातला ‘इथेही’ त्याला आज पहिल्यांदा ऐकू आला. आणि भीतीही वाटली. अर्धी भट्टी रिकामी झाली तेव्हा पत्रा फाटला.

वाफेने इस्त्रीखान्याची जमीन मधोमध उचकटली. वर कुणीच नव्हतं. हा दाराशी होता म्हणून वाचला, पण डावा हात कोपरापर्यंत उकडून निघाला.

इस्पितळात लोक हार घेऊन आले. पाळक आले, त्यांनी आभाराची प्रार्थना केली. सगळे गेल्यावर त्याने मुलीला जवळ बोलावलं.

“मला सोमवारीच दिसलं होतं,” तो म्हणाला.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. “सोमवारी मी वरच होते, बाबा. मंगळवारीही. बुधवारीही.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं मी वर आहे?”

“माहीत होतं. आठवत नव्हतं.”

ती उठून गेली आणि दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली, घरी न्यायला. झाल्या गोष्टीबद्दल ती कुणाला बोलली नाही, त्यालाही पुन्हा विचारलं नाही. पाळकांना त्याने स्वतःच सगळं सांगितलं; देव क्षमा करतो, असं त्यांनी त्याला बऱ्याचदा समजावलं. तो मान हलवायचा. पण बायकोचं नाव निघालं की पूर्वीसारखा वर बघायचा नाही, खाली बघायचा. तिथे भेटल्यावर ती पहिला प्रश्न काय विचारेल, ते त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर तो अकरा वर्षं मुलीकडे राहिला. ती त्याचं सगळं मायेने करायची. फक्त घराबाहेर पडताना गॅस बंद करायची आणि लायटर पर्समध्ये टाकून सोबत न्यायची.