देवाच्या ताब्यातलं हर्बेरियम

देवाने नाही म्हटलं तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि माझ्यामागे अठरा फॉरेस्ट गार्ड आणि वॉचर अनवाणी उभे होते. प्रत्येकाच्या काखेत एक प्रेस.

प्रेस म्हणजे दोन लाकडी जाळ्या आणि दोन पट्टे. मध्ये जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या घालायच्या, घडीत पानाफुलांसकट डहाळी ठेवायची आणि पट्टे आवळायचे. आठवडाभर रोज कागद बदलला की डहाळी पापडासारखी वाळते. मग ती जाड कागदावर चिकटवायची, खाली नाव, गाव, तारीख लिहायची. झाली हर्बेरियम शीट. झाडाचं आधार कार्डच म्हणा. फरक इतकाच की झाडाचा फोटो बरा येतो.

मी बॉटनी शिकवते. गोवा, सिंधुदुर्ग आणि बेळगाव अशा तीन बाजूंच्या तीन विद्यापीठांनी मिळून वन खात्याच्या कर्मचाऱ्यांसाठी जैवविविधतेचा कोर्स सुरू केला, त्याची कोऑर्डिनेटर मी. कल्पना फार चांगली होती. डोंगर तिघांचा एक, झाडं एक, गवेही एकच, सकाळी एका राज्यात चरतात आणि संध्याकाळी दुसऱ्या राज्यात पाणी पितात. मग माणसांनीच वेगवेगळं का शिकावं? एक परीक्षा, एक सर्टिफिकेट, तिन्हीकडे चालणारं. तीन विद्यापीठं एकत्र आली की काम तिप्पट वेळात होतं, ही गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती.

फील्डवर्कसाठी पेडण्यातली एक देवराई मी निवडली. आत बारमाही झरा, हत्तीच्या सोंडेएवढ्या गारंबीच्या वेली, किंदळ, सातवीण, भेडले माड. परवानग्यांची माझी फाइल इतकी जाड होती की तिच्यातच चार डहाळ्या वाळल्या असत्या. 'स्थानिक परवानगी' या रकान्यात मी ऐटीत 'घेतली' असं लिहिलं होतं. कारण देवस्थानच्या अध्यक्षांना मी फोन केला होता आणि ते म्हणाले होते, "येयात गो बाय, कितें ना."

या म्हणाले होते. पानं तोडा म्हणाले नव्हते. मी डिचोलीच्या मुळगावात वाढले. आमच्याकडे विहीर खणायच्या आधी देवाला विचारतात, घराला दार काढायच्या आधी विचारतात. आणि मी, पीएच.डी. झालेली बाई, त्याच्या घरात शिरून एकशे ऐंशी डहाळ्या कापणार होते, न विचारता!

राईच्या तोंडाशी बाबल गुरव बसले होते. सत्तरीचे, कमरेला पंचा, खांद्यावर टॉवेल, कानात दोन केस. त्यांनी प्रेसकडे बोट दाखवलं.

"हें किदें? पापड करतल्यात?"

मी समजावलं. ते ऐकत राहिले, मग उठले. "बाय, हांगाचें सुकें पान लेगीत कोण भायर न्हेना. कौल घेवया."

म्हणजे इथलं सुकलेलं पानसुद्धा कोणी बाहेर नेत नाही. कौल म्हणजे देवाचं मत. देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबलांनी आधी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ही जी शिकपी लेकरां आज तुझ्या रायेंत आयली आसत..."

"व्हय म्हाराजा!" सिंधुदुर्गकडचे सहाही गार्ड एका सुरात गरजले. माझ्या शेजारी उभे असलेले बेळगावकडचे परीक्षक डॉ. हेगडे इतके दचकले की त्यांचा चष्मा छातीवरच्या दोरीवर लोंबायला लागला.

"...तीं तुझी पानां-फुलां काडून न्हेवंक मागतत. तुका मानता जाल्यार उजवो दी!"

"व्हय म्हाराजा!"

डावी पाकळी टपकन पडली. इतक्या लवकर निर्णय मी एकाही विद्यापीठात पाहिलेला नाही.

हेगडे सर माझ्या कानाशी आले. "मॅडम, एका ट्रायलवर निष्कर्ष काढायचा नसतोय हो. सॅम्पल साइझ वाढवा की."

"ह्यो किदें म्हणता?" बाबलांनी विचारलं.

"म्हणतात, परत एकदा विचारा."

"तोच प्रश्न परत? देव म्हळ्यार किदें, तुमच्या ऑफिसांतलो क्लार्क? प्रश्न बदला, मागीर विचारतां."

मग आम्ही प्रश्न बदलला. तोडायचं नाही, फक्त खाली पडलेली पानं गोळा करून न्यायची. या वेळी पाकळीने वेळ घेतला. शेवटी पुन्हा डावीच. एका गार्डाच्या तोंडून सवयीने "व्हय म्हाराजा" निघून गेलं आणि बाकीच्या सतराजणांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा प्रेसमागे लपला.

आता खरी पंचाईत. कोर्सचा नियम होता, दहा शीट्स सादर केल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. दुसरीकडे जायचं तर अभयारण्यात नमुने गोळा करायचा परवाना लागतो आणि तो यायला दीड महिना जातो. पास झालेल्यांची यादी मात्र महिनाअखेर पाठवायची होती.

"सर, शीट्सची अट एवढ्यापुरती बाजूला ठेवूया का?" मी लाडात विचारलं.

"मॅडम," हेगडे सर तितक्याच गोडीने म्हणाले, "तो क्लॉज तुमचाच हो. मीटिंगमध्ये तुम्ही टेबलावर हात आपटलेला, आठवतंय की मला."

आपटला होता. माझ्याच बांगडीचा टवका उडाला होता.

अठरापैकी सतराजणांना पुढच्या बॅचला बसता आलं असतं. रुक्मा गावसला नाही. रुक्मा याच भागातली, बारा वर्षं रोजंदारीवर वॉचर. वणवा विझवायला पुढे, गवा हाकलायला पुढे, हजेरीपटावर मात्र शेवटी. कायम गार्ड व्हायला हे सर्टिफिकेट हवं होतं आणि वयाची अट तिच्यासाठी त्याच वर्षी संपत होती. खात्यातल्या साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा नाही तर नाही."

मी तिला शोधायला गेले. ती राईच्या हद्दीच्या दगडावर बसून पँटला चिकटलेली कुसळं काढत होती. रडत असेल म्हणून मी सांत्वनाची दोन वाक्यं तयार ठेवली होती. ती वाया गेली.

"बाय," ती म्हणाली, "आमी ल्हान आसताना हांगा जांभळां खायतालीं."

"देवराईतली? आणि देवाला चालायचं?"

"खांवक कोण ना म्हणना. पोटांत घालून कितलीय न्हेयात. बोल्सांत घालून न्हेवंक जायना." बोल्स म्हणजे खिसा. "म्हजी आजी दुखण्याची साल लेगीत हांगाच फातरार उगाळून हांगाच पियेताली. घरा न्हेना."

तिने एक कुसळ उडवलं.

"तुमी देवाक न्हेवंक विचारलां. दवरूंक खंय विचारलां?"

न्यायचं नाही, ठेवायचं! डहाळ्या इथेच वाळवायच्या, इथेच चिकटवायच्या, इथेच ठेवायच्या. हद्द ओलांडायचीच नाही. पंचवीस वर्षं मी मुलांना प्रश्न कसा मांडायचा ते शिकवते आहे. त्या दगडावर बसलेल्या बाईने मला एका जांभळात शिकवलं.

मी धावत गेले. माझ्या वयाला आणि वजनाला न शोभेलसं धावले. हेगडे सरांना सांगितलं.

"ठेवायचं कुठं पण?"

बाबलांनी राईतल्या देवळाशेजारची पालखीची खोली दाखवली. आत पालखी, छत्री, दोन समया आणि एक गोदरेजचं रिकामं कपाट.

"आणि मी तपासायचं कसं?"

"तुमी येवपाचें," बाबल म्हणाले. "देव खंय तुमच्याकडे येतलो?"

तिसरं गाऱ्हाणं घातलं. या वेळी "व्हय म्हाराजा" मध्ये माझाही आवाज होता, आणि मी शपथेवर सांगते, हेगडे सरांचाही. "एका झाडाची एकच डहाळी, देवा, आणि तुझें तुझ्याकडेच दवरतलीं." पाकळी थरथरली. मी नास्तिक नाही, आस्तिकही फारशी नाही, पण त्या मिनिटात मी दोन्हीकडच्या सगळ्या ओळखी काढल्या.

उजवी पडली.

दुपारभर अठराजण राईत पसरले. राईत पायताण चालत नाही, आणि अनवाणी चालणारा माणूस खाली बघून चालतो, त्यामुळे बुटांत कधी दिसली नसती अशी रोपटी त्यांना सापडली. हेगडे सरांना लाल मुंगळे सापडले.

पण डहाळी कापली म्हणजे शीट झाली नाही. आठ दिवस रोज कागद बदलायचा आणि बाकी मंडळी दुसऱ्या दिवशी घरी जाणार. रुक्मा म्हणाली, "हांव येतां." ड्युटी संपली की रोज स्कूटरवरून ती यायची, बाबलांच्या साथीने अठरा प्रेस सोडायची, कागद बदलायची, आवळायची. तिसऱ्या दिवशी जुनी वर्तमानपत्रं संपली. मग पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, कामाला आला. सकाळी पों पों करत पाव वाटायचा आणि परत जाताना त्याच टोपलीत घराघरातून रद्दी गोळा करून देवळात टाकायचा. देवाचं काम म्हटल्यावर कोणी कोणी त्या दिवशीचा पेपरही न वाचता दिला.

इकडे मी कागदी आघाडीवर लढत होते. विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये रकाना होता, 'नमुने कोणाच्या ताब्यात'. मी प्रामाणिकपणे देवाचं नाव लिहिलं. 'पदनाम' पुढे लिहिलं, ग्रामदैवत. आठवड्याने तीनपैकी एका कार्यालयातून ईमेल आला. कुठल्या ते सांगणार नाही. 'सदर अधिकारी कायम आहेत की हंगामी, कळवावे.'

मी तो बाबलांना फोनवर वाचून दाखवला.

"बरय गो," ते म्हणाले. "तो कायम. हंगामी आमी."

मी त्यातलं 'तो कायम' एवढंच कळवलं. फाइल मंजूर झाली.

नवव्या दिवशी हेगडे सर आणि मी तपासायला गेलो. पालखीच्या खोलीत चटईवर शीट्सचे अठरा गठ्ठे, आदल्या दिवशी येऊन ज्याने त्याने चिकटवलेले. दार उघडताच सुक्या पानांचा आणि उदबत्तीचा एकत्र वास आला. सरांनी रुक्माचा गठ्ठा उचलला. सगळ्यात वरची शीट काळी पडलेली, बुरशीचे ठिपके. सर कडक माणूस. एक शीट बाद म्हणजे नऊच उरणार.

"ही खराब शीट वर का ठेवलीस?" सरांनी विचारलं.

"वयर दवरल्यार तुमी विचारतले," रुक्मा म्हणाली. "विचारल्यार सांगूंक मेळटा."

"सांग."

"सातवणीक चीक आसता, सर. चीक आशिल्लें झाड वेगीं सुकना. दिसाक एक फावट कागद बदललो तर काळें पडटा, दोन फावट जाय. हें कळ्ळें तेन्ना उशीर जाल्लो. म्हणून सातवणीची दुसरी डहाळी केली, दोन फावट कागद बदलून. ती सकयल आसा."

सरांनी वरची शीट बाजूला केली. दुसरी शीट हिरवीगार होती. पण मला कौल आठवला.

"अगं, एका झाडाची एकच डहाळी! देवाला शब्द दिलाय."

"दुसरें झाड, बाय," ती माझ्याकडे दयेने बघत म्हणाली. "झरीच्या पलतडचें. बाबलांक विचारून."

हेगडे सरांनी खिशातून डायरी काढली, 'चीक असल्यास दोनदा' असं लिहून घेतलं आणि तिच्या नावापुढे खूण केली. ती खूण मी समोरून उलटी वाचली. पास.

यादी वेळेत गेली. रुक्माची ऑर्डर वयाच्या मर्यादेला अकरा दिवस उरले असताना आली. ती पहिल्यांदा देवाला दाखवायला घेऊन गेली. झेरॉक्स काढून एक प्रत त्याच्याकडे ठेवली, हर्बेरियमच्या कपाटात.

पुढच्या बॅचला हद्दीच्या दगडाशी खाकी गणवेशात तीच उभी होती. हेगडे सर नव्या विद्यार्थ्यांना काहीतरी समजावत तरातरा पुढे निघाले. ती एवढंच म्हणाली, "सर, बूट." सर लहान मुलासारखे खाली बसले आणि नाड्या सोडू लागले.

धडा एवढाच, की कोणी नाही म्हणालं तर नेमकं कशाला नाही ते आधी समजून घ्यावं, आणि ते समजून घ्यायला तिथे जांभळं खाल्लेलं माणूस सोबत न्यावं. आमच्या सिलॅबसमध्ये आता फील्डवर्कच्या साहित्याची यादी अशी आहे: प्रेस, भिंग, जुनी वर्तमानपत्रं, नारळ नग एक. तिन्ही विद्यापीठांनी ती पहिल्याच मीटिंगमध्ये मंजूर केली. टेबलावर कोणीही हात आपटला नाही.