विचारतंय कोण ते बघा

दीनाबाई रोहेकरांना मी पेणच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात कामाला ठेवलं ते दया येऊन. आज हे सांगताना कान धरावेसे वाटतात. बाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये बावीस वर्षं परगावचे कॉल जोडून देणाऱ्या ट्रंक ऑपरेटर होत्या. एक्सचेंज ऑटोमॅटिक झालं, बाईंना फॉर्म वाटायच्या खिडकीत बसवलं, आणि तिथून त्या राजीनामा देऊनच उठल्या. बाई कोकणातल्या ज्यू; भाऊ, मावश्या, आत्या सगळे कधीच इस्रायलला गेलेले. तुम्ही का नाही गेलात, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, “पेणात काय वाईट हाय?”

मी पडलो पुण्याहून डिप्लोमा घेऊन आलेला माणूस. ऑपरेटरबाईंकडून आपल्याला काही शिकायचं आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.

नव्याण्णव साली हमरापूरच्या हिरामण पाटलाची वेबसाईट आम्ही केली. त्याच्या कारखान्यातल्या गणपतींचे फोटो मुंबईच्या सर्व्हरवर ठेवले, तर अमेरिकेत एक गणपती उमटायला चार मिनिटं लागायची. मुकुट दिसायचा, डोळे दिसायचे, सोंड येईपर्यंत माणूस उठून गेलेला असायचा. अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवले, तर मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाचे तेच हाल. म्हणून दोन्हीकडे ठेवले. पण साईटचं नाव एकच. नाव टाइप केलं की कॉम्प्युटर आधी विचारतो, या नावाचा पत्ता काय? हे पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. आमच्या पत्ते सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी एक यादी घातली: अमेरिकेतून विचारणा आली तर अमेरिकेतल्या सर्व्हरचा पत्ता सांगायचा, भारतातून आली तर मुंबईच्या. यादी टाइप केली बाईंनी, श्रेय घेतलं मी.

एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्या एका मंडळाने साठ मूर्ती घेऊ म्हणून कळवलं. रविवारी सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, सेक्रेटरींच्या कंपनीच्या ऑफिसात जमून ते मोठ्या पडद्यावर साईट बघणार आणि तिथेच पसंती करणार होते. साईट नीट दिसली नाही तर दुसऱ्या एजंटाकडून माल उचलणार होते. हिरामणने रंगवायला माणसं सांगून ठेवली होती, अख्खी आळी त्या ऑर्डरकडे डोळे लावून बसली होती.

शुक्रवारी संध्याकाळी सेक्रेटरींचा ऑफिसातून फोन. “अहो, अजून मुकुटच दिसतोय!” विचारपूस केली तर त्यांना मुंबईच्याच सर्व्हरचा पत्ता मिळत होता. माणूस न्यू जर्सीत आणि वाट मुंबईची! बाई पर्स उचलून निघाल्या होत्या. सूर्य मावळायच्या आत घरी जाऊन त्या शब्बाथचा दिवा लावत, मग शनिवार मावळेपर्यंत कामाला हात नाही.

“बाई, आजच्या दिवस थांबा ना!”

“नाय हो जगनसर. रविवारी सकाळी लवकर येते.”

शनिवारभर मी एकटाच डोकं आपटत होतो. यादी तीनदा नव्याने लिहिली, अमेरिकेचे पत्ते एकेक करून तपासले, मॉनिटरला नाही नाही ते बोललो. हिरामण दोनदा दारात आला आणि माझं तोंड बघून परत गेला.

रविवारी बाई आल्या त्या ताज्यातवान्या होऊन. “काय बघताय एवढं?”

“सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरचा पत्ता. तो अमेरिकेचाच आहे, यादीतही बरोबर आहे!”

“त्यांचा पत्ता कशाला? विचारतंय कोण ते बघा. नागपूरच्या माणसाला पेणला बोलायचं असलं, तर तो काय माझ्याशी बोलायचा? बोलायची नागपूरची ऑपरेटर. मला कळायचं ते एक्सचेंज. माणूस कुठं बसलाय, मला काय दिसतंय?”

मी सर्व्हरवरची नोंद उघडली आणि कपाळाला हात लावला. शुक्रवारची विचारणा मुंबईहून आली होती! सेक्रेटरींची कंपनी मूळची मुंबईची. न्यू जर्सीच्या शाखेतले कॉम्प्युटरसुद्धा आपल्या वतीने विचारायचं काम हेड ऑफिसातल्या मशीनला सांगत. आमच्या प्रोग्रॅमला मुंबई दिसली, त्याने मुंबईचा पत्ता दिला. त्याची काही चूक नव्हती, बैल मी होतो.

“मग त्या एका एक्सचेंजला अमेरिकेची लाईन द्या,” बाई म्हणाल्या.

“पण मग त्यांच्या मुंबई ऑफिसातल्या लोकांनाही अमेरिकेचाच सर्व्हर मिळेल. त्यांचे हाल होतील.”

“होऊ देत. त्यांना दादरला पण गणपती मिळतात.”

यादीतली ती नवी ओळ बाईंनीच टाइप केली. एकदा मिळालेलं उत्तर हेड ऑफिसातलं मशीन तासभर धरून ठेवतं, मगच नव्याने विचारतं; तेवढा वेळ हाताशी होता. पण जमलं की नाही ते तपासायची सोय नव्हती, कारण ते ऑफिस थेट सभेलाच उघडणार होतं. हिरामणही येऊन बसला, आणि दिवसभर आम्हा तिघांना जेवण गेलं नाही.

संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. मी उचलला तर तिकडे नुसता गलका.

मग सेक्रेटरी ओरडले, “सोंड आली! अहो, सोंडच काय, उंदीरसुद्धा आला! मिनिटात चार गणपती बघितले!”

मी ते मोठ्याने सांगितलं. हिरामण मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. साठ घेणार म्हणणाऱ्यांनी पंच्याऐंशी मूर्ती घेतल्या. “तुमच्या इंजिनिअरना फोन द्या,” सेक्रेटरी म्हणाले. खोटं कशाला सांगू, रिसीव्हर माझ्या हातून पटकन सुटेना. पण मी तो बाईंकडे दिला.

बाई ताठ बसल्या. “बोला, पेणहून दीना रोहेकर,” म्हणाल्या, आणि नावानिशी एकेक मूर्ती लिहून घेतली. पलीकडचे सगळे एकदम बोलत होते, तरी बाईंनी कुणाला दोनदा विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात हमरापूरचे आणखी अकरा कारखानदार एसटीने आले, काहींच्या नखांत अजून रंग. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

“दीनाबाई हायत का?”

“आहेत, आहेत. बसा,” मी म्हणालो, आणि उठून माझी खुर्ची बाईंना दिली.