वर्नाच्या डाया

बर्ट ट्रेवार्थनचं नाव काढलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माणूस वाईट नाही. बर्फात गाडी रुतली तर हाक मारायच्या आधी फावडं घेऊन हजर असतो. पण वर्ना लाहटीशी तो जे वागला, आणि आमच्या नेमबाजी क्लबातली झाडून सगळी मंडळी त्यावर जशी दात काढून हसली, ते मी विसरलेले नाही. विसरायचा माझा विचारही नाही.

वर्ना माझी शेजारीण. सरोवराच्या काठावरच्या बोटींसाठी ताडपत्रीची आच्छादनं शिवायची. घरामागच्या जुन्या सौनाच्या, म्हणजे वाफारा घ्यायच्या, खोलीत तिचं शिलाईयंत्र होतं, वासराएवढं अवजड. जाड कापड चारपदरी करून ती यंत्राखाली सरकवायची तेव्हा दंडाच्या शिरा टरारून उठायच्या. तिचा नवरा लीलंड खनिज वाहणाऱ्या जहाजावर सुकाणूला असतो. बर्फ वितळलं की जातो, तो जानेवारीत कालवे गोठल्यावरच परततो.

जायच्या आधी तो घराची सगळी तरतूद करून जायचा. लाकडं फोडून रचलेली, फ्रीजर हरणाच्या मांसाने भरलेला, गाडीचं तेल बदललेलं. आणि वर्ना मंगळवारी संध्याकाळी क्लबात गोळ्या झाडून लोखंडी तबकड्या पाडायला यायची, म्हणून तिच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसंसुद्धा हिवाळाभर तळघरात बसून, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवायचा. उडालेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या गोळा करायच्या, दांड्याच्या प्रेसवर डाया म्हणजे पोलादी साचे लावून त्या मापात आणायच्या, मग बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून बंदुकीची दारू, वर नवी गोळी. बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस गं वर्ना!" वर्ना हसायची. तिला कुणी कधी विचारलंच नाही, हे सगळं आयतं हवंय का म्हणून.

मग तो उन्हाळा आला, ज्यात दुकानांतून काडतुसं गायब झाली. फळ्या रिकाम्या. आमच्यातल्या नव्या बायकांना सरावाला वर्नाने आपले डबे वाटून टाकले होते, त्यामुळे तिचेही संपले. तिने स्पीकर चालू करून जहाजावर फोन लावला. मी तिच्या स्वयंपाकघरात पेस्टीचं, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांचं, पीठ मळत होते, सगळं ऐकू येत होतं.

"लीलंड, मीच भरते काडतुसं. सामान आहेच तळघरात."

"नको नको. मी प्रेसवरून डाया काढून ठेवल्यात, त्या परत लावाव्या लागतील. तू हात लावू नकोस. बर्टला सांग, तो देईल लावून."

"डाया लावायला बर्ट कशाला? मी यंत्रावर सुई लावत नाही का?"

"ते वेगळं गं. ऐक माझं."

ते वेगळं कसं, हे त्याने सांगितलं नाही. फोन ठेवताना तिने तो आदळला.

बर्ट आला. कुत्रा घेऊन आला, कॉफी मागितली आणि प्रेससमोर असा उभा राहिला की त्याच्या रुंद पाठीपलीकडचं काही दिसू नये. मी जिन्यावर बसले होते. वर्ना एकदा डावीकडून डोकावली, एकदा उजवीकडून.

"पहिली डाय कशासाठी?"

"नळी उडाल्यावर फुगते, ती मापात आणते. जुनी टोपीही पाडते."

"आणि दुसरी?"

"नळीचं तोंड जरासं फुलवते, गोळी बसायला."

"तिसरीला हे दोन स्क्रू कसले? एक अंगाचा, एक डोक्यावरचा."

बर्टने मान वळवली. चेहऱ्यावर ते हसू, लहान मुलाने चंद्र मागितला की येतं तसं. "वर्ना, तुला काय करायचंय त्याच्याशी? मी लावून घट्ट केलंय. दांडा खाली, दांडा वर. बास. चुकूनही फिरवू नकोस."

"पण कळायला नको का मला?"

"लीलंड आला की कळेल." कॉफी संपवून, कुत्र्याला शीळ घालून तो गेला.

तिने त्याचं ऐकलं. दांडा खाली, दांडा वर. दारूचं प्रत्येक माप दिव्याखाली धरून बघितलं, कारण दारूच्या बाबतीत चूक झाली तर हात जातो, हे तिला लीलंडने नाही तरी पुस्तकाने सांगितलं होतं. मंगळवारी ती क्लबात आली. मी नेहमीप्रमाणे वेळ मोजायला घड्याळ धरून उभी. पहिली तबकडी पडली, दुसरी पडली, तिसरीही. पुढल्या वेळी चाप ओढला तर रिव्हॉल्व्हरचं चाक जागचं हलेना.

रिव्हॉल्व्हरचं तोंड जमिनीकडे धरून तिने दुसरा हात वर केला. बर्ट पुढे आला, खटपट करून चाक उघडलं. एका काडतुसातली गोळी आधीच्या झटक्यांनी सरकून पुढे आली होती आणि चाकाबाहेर डोकावून अडकली होती. नळीचं तोंड गोळीभोवती आवळलेलंच नव्हतं. रिव्हॉल्व्हरचं काडतूस आवळावं लागतं. बर्ट स्वतः आयुष्यभर पिस्तूल चालवतो, त्याला तेवढं आवळावं लागत नाही. त्याने डाय आपल्या सवयीने लावली होती. झाली चूक, होते माणसाची. "माझंच चुकलं" म्हणाला असता तर मी आज ही गोष्ट सांगत बसले नसते.

तो म्हणाला, "दांडा पुरता खाली ओढला नसशील तू. बायकांच्या मनगटात तेवढा जोर नसतो, मी लीलंडला म्हटलंच होतं."

सगळे हसले. बायकासुद्धा हसल्या, हे मला जास्त झोंबलं.

"माझ्या मनगटात जोर नाही?" वर्ना म्हणाली. "तुझ्या बोटीचं आच्छादन कुणी शिवलं रे? त्याच्या कडेत हाताने कड्या कुणी ठोकल्या?"

"अगं, गंमत केली. चिडतेस काय लगेच!"

हे एक आणखी. आधी चारचौघांत तोंडावर मारायचं, आणि गाल चोळला की म्हणायचं, चिडतेस कशाला.

घरी जाऊन तिने उरलेली सगळी काडतुसं फोडली. त्यासाठी पोकळ डोक्याचा हातोडा असतो. त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटून येते. दुसऱ्या दिवशीही तिची आपटाआपटी माझ्या अंगणापर्यंत ऐकू येत होती. मग तिने दारूचा डबा आणि टोप्या वर कपाटात ठेवल्या आणि बर्टने घट्ट केलेल्या तिन्ही डाया पाना लावून उपटून काढल्या. डायांच्या खोक्याच्या तळाशी घडी घातलेलं माहितीपत्रक होतं, एकदाही न उघडलेलं. ते तिने प्रेसच्या वर टाचणीने टोचलं.

मी गेले तेव्हा ती रिकाम्या नळ्या आणि नुसत्या गोळ्या घेऊन बसली होती. ना टोपी, ना दारू. खोटी काडतुसं, शिकण्यापुरती. पहिली डाय सोपी गेली: नळी धरणाऱ्या खाचेच्या तुकड्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट कसायचा. दुसरीने तिने दोन नळ्यांची तोंडं तुतारीसारखी फाकवली, मग समजलं की गोळीची कड जेमतेम टेकेल एवढंच हवं. तिसरीने मात्र तिला रडवलं. अंगाचा स्क्रू खाली घेतला की डाय नळीचं तोंड आवळणार; डोक्यावरचा खाली घेतला की गोळी आत ढकलणार. दोन्ही एकदम केलं तर तोंड आवळलं जातंय आणि गोळी अजून आत घुसतेच आहे. नळी कंबरेत मोडून फुगते. अशा फुगलेल्या नळ्यांचा ढीग झाला. एक तिने फेकून मारली, फ्रीजरला पोचा पडला.

"आधी एकाचं काम उरकू दे ना," मी सहज म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि पत्रकाकडे बघितलं. "तेच लिहिलंय यात, पण असल्या भाषेत!" मग तिने डाय आवळणार नाही इतकी वर घेतली आणि नुसती गोळी हव्या त्या खोलीला बसवली. त्यानंतर डोक्यावरचा स्क्रू भरपूर वर सोडला, डायचं अंग खाली आणलं, गोळीवरच्या खाचेत तोंड आवळलं जाईपर्यंत. नट कसला. तेच काडतूस आत ठेवून डोक्यावरचा स्क्रू गोळीला टेकेपर्यंत परत खाली घेतला. पुढचं काडतूस एका ओढीत नीट आलं. बाकाच्या कडेवर दाबून बघितलं, गोळी हलली नाही. रिव्हॉल्व्हरच्या चाकातल्या घरात टाकलं, आपसूक आत गेलं.

ती ओरडली नाही की नाचली नाही. घामेजलेलं कपाळ बाहीला पुसत म्हणाली, "एवढंच होतं? एवढ्यासाठी त्या माणसाने मला पाठ दाखवली?"

पुढल्या मंगळवारी तिच्या सगळ्या तबकड्या पडल्या. चाक एकदाही अडलं नाही. आणि बर्ट ट्रेवार्थन येऊन तिच्या खांद्यावर थाप मारून सगळ्यांसमोर काय म्हणाला असेल? "बघा! मी लावून दिलेल्या डाया! नीट जोर लावून दांडा ओढला की चालतंय ना?"

मी घड्याळ टाकून पुढे झाले. "अरे, तू लावलेल्या तिने काढून फेकल्या! तिने स्वतः लावल्यात!"

"हो का?" बर्ट म्हणाला. "थोडंफार इकडेतिकडे केलं असेल. पाया माझाच."

त्या रात्री लीलंडचा फोन आला, तर त्याच्यापर्यंतही बातमी पोचली होती, बर्टच्या तोंडून. "बर्टला एक बिअरची पेटी दे बरं का," तो म्हणाला. वर्नाने सांगितलं, मी केलंय. तो हसून म्हणाला, "बरं बरं, तू केलंस." त्या 'बरं बरं'ने तिचं जेवण गेलं. बिअर तिने आणली, आणि आम्ही दोघींनी सौनात बसून प्यायली.

जानेवारीत लीलंड आला. लोक म्हणतात बर्ट दोषी. मला विचाराल तर खरा घाव पुढे आहे. आल्यावर दुसऱ्याच सकाळी, वर्ना झोपेतून उठायच्या आत, तो तळघरात गेला. ती खाली उतरली तेव्हा तो पाना पुसत होता.

"काय करतोस?"

"तुझ्या डाया बघितल्या. छान लावल्या होत्यास गं! फक्त तोंड जरा जास्त आवळत होतीस. नळ्यांना चिरा जायला लागल्यात, ही बघ. मी नीट करून टाकलं."

तिने नळी हातात घेतली. चीर होती. त्याचं बरोबर होतं, आणि त्यानेच ती जास्त पेटली.

"मला उठवलं का नाहीस?"

"एवढ्याशा गोष्टीला?"

"ही चीर मला दाखवायची होतीस. मी फिरवला असता तो स्क्रू. माझ्या शिलाईयंत्राच्या दोऱ्याचा ताण कधी बदललास तू? हिंमत आहे? मी तुझ्या जहाजावर येऊन, तू झोपलेला असताना सुकाणू जरासं नीट करून टाकू का?"

"अगं, पण मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी, माझ्यासाठी! चाळीस वर्षं माझ्यासाठी करतोयस आणि मला लाकूड फोडता येतं की नाही हेही तुला माहीत नाही!"

लीलंड खरंच गोंधळला. त्याच्या मते त्याने बायकोचं कौतुक केलं होतं. तो रुसला. मग एका दुपारी वर्नाने मला हाक मारली. तिने प्रेस बाकावरून सोडवला होता, डाया खोक्यात घातल्या होत्या. आम्ही तो मुलांच्या घसरगाडीवर ठेवून बर्फातून सौनाच्या खोलीपर्यंत ओढत नेला. लीलंड दारात सपाता घालून उभा.

"अगं, नीट धरा, पडेल!"

"पडला तर पडू दे," मी म्हटलं. "तू आत जा, सर्दी होईल."

शिलाईयंत्राशेजारी तिने जाड फळी ठोकून प्रेस बसवला आणि पहिल्या डायपासून सगळं पुन्हा लावलं. लीलंडने स्वतःसाठी दुसरा जुना प्रेस आणला. कित्येक दिवसांनी त्याने खोलीच्या दारावर टकटक केली. स्वतःच्या घरातल्या खोलीवर टकटक करताना मी त्याला पहिल्यांदा बघितलं. हात पाठीमागे बांधून तो आत आला, तिने भरलेलं एक काडतूस उजेडात धरून बघितलं आणि म्हणाला, "अजून थोडं सैल चालेल, असं मला वाटतं." वर्नाने ऐकून घेतलं. तो गेल्यावर तिने स्क्रू थोडा सोडला. चिरा थांबल्या. दोघांपैकी कुणीच माफी मागितली नाही. पण वसंतात तो जहाजावर गेला तेव्हा अर्धी लाकडं न फोडता ठेवून गेला, एवढं खरं.

क्लबाने मात्र त्या वर्षी नवशिक्यांसाठी काडतुसं भरायचा वर्ग काढला. शिकवायला कोण? बर्ट ट्रेवार्थन. वर्नाला चिटणीसाचा फोन आला, वर्गाला पेस्टी करून आणशील का म्हणून. मी तिच्या जागी असते तर काय बोलले असते ते छापता येणार नाही. ती म्हणाली, "नाही," आणि फोन ठेवला.

त्याऐवजी तिने क्लबातल्या आम्हा तिघींना शिकायला सौनाच्या खोलीत बोलावलं. माझी पाळी आली. मी तिसरी डाय लावत होते, भलताच स्क्रू फिरवत होते, आणि वर्ना शेजारी उभी राहून तळमळत होती. शेवटी तिला राहवेना. तिने हात पुढे केला आणि पाना पकडला. मी तिच्या हातावर चापट मारली.

"अगं, पण चुकतेयस तू!"

"चुकू दे. तू बाहेर जा."

ती खरंच बाहेर गेली. थोड्या वेळाने लीलंडने ठेवलेल्या लाकडांवर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येऊ लागले, चांगले जोरकस. आत माझी पहिली नळी कंबरेत मोडली, दुसरीही मोडली. मी तिसरी घेतली.